मायाताईंची दोरी

माझे वडील यशवंतराव आणि माझी आत्या लता, दोघं सख्खी भावंडं, एकाच शहरात, रायपुरात, राहत होती आणि चाळीस वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती. शंकर नगरातल्या आमच्या घरापासून पुरानी बस्तीतल्या आत्याच्या घरापर्यंत ऑटोला वीस मिनिटं लागतात. आई गेल्यावर बाबा वर्ध्याचं बिऱ्हाड मोडून माझ्याकडे आले, त्याला पाच वर्षं झाली होती. त्या रस्त्यावर मी एकटीच जा-ये करत होते. लाडू नेले तर आत्या आधी विचारायची, तूच केलेस ना? मी हो म्हटल्यावर मगच एक उचलायची. भावाचं नाव निघालं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्यासारखं व्हायचं. ती उठून जायची.

कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. १९६८ साली आजी रायपुरात आजारी पडली. बाबा तेव्हा वर्ध्याला नोकरीत होते. आत्यानं पोस्टकार्ड टाकून त्यांना एका ठराविक दिवशी बोलावलं. ते आले नाहीत. त्यानंतर दोनच दिवसांनी आजी गेली आणि शेजारच्या मुलाच्या हातून अग्नी द्यावा लागला. तार मिळाल्यावर बाबा आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी तर तारखेच्या आधीच आलो." आत्यानं दार लावून घेतलं.

त्या एका वाक्यासाठी मी बाबांना मनातून कधी माफ केलं नव्हतं. आईचं कलेवर हलल्यावर येऊन असं कोण बोलतं? पण आता ते सत्तरीच्या वर होते, आत्याचे गुडघे गेले होते, आणि दोघांपैकी एकाची तार दुसऱ्याला पोचवायची वेळ माझ्यावर येईल, ही भीती मला रोज तुळशीला पाणी घालताना वाटायची.

मी नेमाची बाई आहे. पहाटे उठून तुळशीला पाणी, मग एकशेआठ वेळा नाम लिहायचं, आणि ते होईपर्यंत बोलायचं नाही. आमचे हे, सुशील, नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इथल्या कार्यालयात आले. ते सगळ्यांना सांगतात की सात वाजेपर्यंत मले चहा खुणेनंच मिळतो. चातुर्मासात बाकीच्या बायका कांदा-वांगं सोडतात. त्या वर्षी मी वेगळा नेम धरला. रोज एक पान गोष्ट लिहायची, त्याशिवाय रात्रीचं जेवायचं नाही. देवापुढे तांदूळ ठेवून सांगितलं की ही गोष्ट एका भावाची आणि एका बहिणीची आहे. माझ्या तोंडून ऐकत नाहीत, तर कागदावरून तरी ऐकोत.

बारा दिवसांत बारा पानं झाली. ती घेऊन मी मायाताईंकडे गेले.

मायाताई मागच्या गल्लीत राहतात. रेल्वेत होत्या. स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत सत्तावीस वर्षं बसल्या आणि तिथूनच गोष्टी लिहू लागल्या. नागपूरच्या अंकांत त्यांचं नाव येतं. घरी बुद्धाची एक लहान मूर्ती, बाकी देव नाहीत. माझा उपास असला की चहा टाकताना विचारतात, आज तुह्या देवाले दूध चालते का? मी म्हणते, चालतं. मग त्या म्हणतात, तेवढा तरी समजूतदार आहे.

त्यांनी बारा पानं चष्मा लावून वाचली. मग चष्मा काढला.

"लिहिते बरं," त्या म्हणाल्या. "पण तू भावाले शिक्षा देऊन राहिली अन् बहिणीची पूजा करून राहिली. दोघाइलेही पाय नाहीत. हवेतच आहेत."

मग त्यांनी विचारलं, "तो दारात उभा होता तेव्हा त्याच्या खिशात काय होतं?"

मला माहीत नव्हतं. पाऊस होता का, तेही नाही. कोणत्या गाडीनं आला, स्टेशनापासून पायी आला की रिक्षानं, बहिणीच्या हातात तेव्हा काय होतं, दार कोणत्या दिशेला उघडत होतं, काहीच नाही. मायाताई उठल्या आणि म्हणाल्या की मग चाल, कपाट उघडू.

ते कपाट उघडलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. "लोखंडाचं आहे, देव्हारा नाही," मायाताई म्हणाल्या. पण मला ते अजूनही पटलेलं नाही.

वरच्या कप्प्यात बुटांच्या खोक्यांमध्ये कार्डं होती. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली, शेकड्यांनी. प्रत्येकावर खिडकीतून ऐकलेली किंवा पाहिलेली एकच गोष्ट. एक कार्ड मी उचललं: म्हातारा, एकटा, गाडी सुटून गेल्यावरही अर्धा तास हात वर करून उभा. दुसरं: नवऱ्याचं नाव विचारलं तर बाई आधी हसली, मग रडली, नाव सांगितलंच नाही. ही सगळी माणसं चौकशी करून निघून गेली होती, आणि इथे या खोक्यात अजून उभी होती. मला वाटलं, मी रोज नाम लिहिते ते तरी एवढ्या लक्षपूर्वक लिहिते का?

खाली एक जाड वही होती, नावांची. कोणत्या साली, कोणत्या घरात, कोणती नावं ठेवत होते ते. माझी मुलगी अनुश्री, तिचं नाव १९४० च्या बाईला दिलं तर वाचणारा तिथंच उठून जातो, असं मायाताई म्हणाल्या. त्याखाली रेल्वेची जुनी टाइमटेबलं, रद्दीत जायच्या आधी मागून घेतलेली. खाकी कागदावर त्यांनी स्वतः काढलेला एका पाऱ्याचा, म्हणजे इकडच्या मोहल्ल्याचा, नकाशा. तो पारा खरा कुठेच नाही. पण त्यात नळ कुठे, पिंपळ कुठे, कोणाचं दार पश्चिमेला, सगळं होतं. दार कशाला लागतं, असं मी विचारलं. संध्याकाळी कोणाच्या डोळ्यात ऊन जाते ते माहीत पाहिजे ना, म्हणाल्या. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्यांच्या भिलाईला राहणाऱ्या मुलानं, यशदीपनं, त्यात मराठी टाकून दिलं होतं. त्यावर शेवटी उतरवायचं, आधी नाही.

आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात पंचांगं. दोन चळती. एक मराठी, एक इथली हिंदी, पन्नास-पन्नास वर्षांची.

"तुम्ही पंचांग पाहता?" मी विचारलं.

"मी नाही मानत. माह्या गोष्टीतली माणसं मानतात. त्याइले एकादशीले भात खाऊ घातला तर पाप मलेच लागन."

मग त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. तिथे कपडे वाळवायची दोरी होती, पण तिच्यावर कपडे नव्हते. चिमट्यांनी चिठ्ठ्या अडकवलेल्या. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे गोष्टीतली एक घटना, दिनांकासह, ओळीनं. वाऱ्यानं सगळी गोष्ट हलत होती. एक माणूस जन्मत होता, चार हात पुढे त्याचं लग्न होत होतं आणि खांबाजवळ तो म्हातारा झाला होता. मायाताई म्हणाल्या की कागदावर खोटं बोलता येते, दोरीवर नाही. दोरीवर लगेच दिसते की कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी होऊ शकत नाही.

त्यांनी मला कोरी कार्डं दिली आणि दोन्ही घरांतून गोळा करून आणायला सांगितलं. ठरवून काही विचारायचं नाही, आधी पाहायचं. आणि एक पक्कं लक्षात ठेवायचं. प्रत्येक घरात एक वस्तू अशी असते की जिला कोणी हात लावलेला चालत नाही. ती सापडली की अर्धा माणूस सापडला.

आत्याकडे मी वर्षानुवर्षं जात होते, पण त्या गुरुवारी पहिल्यांदा गेल्यासारखं वाटलं. दार उत्तरेला होतं. आत्या निवृत्त मास्तरीण, हिंदी शाळेतली. अजूनही खडू हातात धरल्यासारखी बोटं चिमटून बोलते. आणि आतल्या खोलीत खिडकीखाली एक पत्र्याची पेटी होती, लहान मुलाची शाळेची असते तशी. तिच्या झाकणावर पिवळ्या मातीचं जाड कवच होतं. मी इतकी वर्षं ते पाहत होते आणि भिंतीची माती गळते असं समजत होते. त्या दिवशी मुद्दाम तिच्यावर टेकायला गेले. आत्या म्हणाली, "वहाँ नहीं, पलंगावर बैस." मी पदरानं झाकण पुसायला गेले तर माझा हातच धरला. घरी येताना ऑटोत कार्ड लिहिलं: पिवळी पेटी. कळलं नाही.

बाबांना विचारायला मला आठवडा लागला. शेवटी एका सकाळी नाम लिहून झाल्यावर मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं की आत्याच्या दारात उभे होतात तेव्हा खिशात काय होतं? मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत का आला नाहीत, असं त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं. खिशात काय होतं, असं कोणीच विचारलं नव्हतं. बाबांनी कप बाजूला सारला. मग आत गेले आणि एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आले.

कागद रजेचा होता, कार्यालयाच्या शिक्क्याचा. मंजूर रजा: बारा ते पंधरा सप्टेंबर.

पोस्टकार्ड आत्याच्या अक्षरात होतं. आईची तब्येत बरी नाही, असं लिहिलं होतं. भादो बदी छठला ये. पोता लावायचा म्हणते. यंदा पाठीलाच लावीन म्हणते.

पोता म्हणजे काय ते इथे राहून मला माहीत होतं. इकडे या छठला, कमरछठला, आया मुलांच्या आयुष्यासाठी उपास धरतात. नांगरलेल्या जमिनीतलं काही खात नाहीत, न पेरता उगवलेला पसहरचा तांदूळ, सहा भाज्या आणि म्हशीचं दही एवढंच. पूजा झाली की छुहीच्या पिवळ्या मातीत फडकं बुडवून मुलाच्या पाठीवर सहा वेळा थोपटतात. तो पोता. आजी मूळची विदर्भातली, पण तिची पहिली दोन मुलं राहिली नाहीत, तेव्हा शेजारणीनं सांगितलं म्हणून तिनं हे व्रत धरलं आणि मग बाबा जगले. बाबांना तिथीबिथी आठवत नव्हती. नवव्या वर्षी ते मामाकडे वर्ध्याला शिकायला गेले होते. ओल्या फडक्याचा पाठीवरचा गारवा तेवढा आठवत होता.

"कार्ड घेऊन जा," बाबा म्हणाले. "कागद राहू दे माझ्यापाशी." मग थोड्या वेळानं, चहा गार झाल्यावर, "मी आधीच गेलो होतो, पद्मा."

तेच वाक्य. पण या वेळी ते मला वेगळं ऐकू आलं, कारण रजेचा महिना मी वाचला होता.

मायाताईंनी दोरी मोकळी करून दिली. आम्ही चिठ्ठ्या लावल्या. पोस्टकार्डावरचा शिक्का पाच ऑगस्टचा. आजी गेली सोळा ऑगस्टला. तार सतराला. बाबा अठराच्या सकाळी, टाइमटेबलात पाहून मेलची वेळ घातली. आणि मंजूर रजा पार लांब, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, सप्टेंबरात.

मायाताई ती रजेची चिठ्ठी बोटानं हलवत राहिल्या. "हा माणूस ऑगस्टच्या बोलावण्याले सप्टेंबरची रजा काहून घेईन?" त्यांनी मराठी पंचांग काढलं, अडुसष्टचं, आणि माझ्या हातात दिलं. ते तू बघ, म्हणाल्या.

भादो बदी छठ, म्हणजे आमची भाद्रपद वद्य षष्ठी. तेरा सप्टेंबर.

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. बाबा अठरा ऑगस्टला दारात उभे होते. जवळजवळ एक महिना आधी.

मग मायाताईंनी दुसऱ्या चळतीतून इथलं पंचांग काढलं, त्याच सालचं. भादो बदी छठ. चौदा ऑगस्ट.

रस्त्यावरून भाजीवाला गेला, तो ओरडत होता ते मला दुरून येत असल्यासारखं वाटलं. मायाताईंनी एका कागदाचे दोन तुकडे केले, दोन्हींवर छठ असं लिहिलं आणि एक चौदा ऑगस्टवर, एक तेरा सप्टेंबरवर चिमट्यानं लावला. एकाच तिथीच्या दोन चिठ्ठ्या, मध्ये हातभर दोरी. त्या हातभर दोरीत आजी गेली होती आणि दोन माणसांची चाळीस वर्षं गेली होती.

इथल्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आमच्या मराठी पंचांगात अमावस्येला. त्यामुळे वद्य पक्ष आला की इथला महिना एक पाऊल पुढे गेलेला असतो. इथे भादो लागतो तेव्हा आमचा श्रावणच चाललेला असतो. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? दरवर्षी दूध घालणारी शांताबाई सावन सोमवार धरते तेव्हा मी तिला चिडवते, एवढी काय घाई, आमचा श्रावण अजून पंधरा दिवस लांब आहे. मी रोज सकाळी पंचांग उघडते. ज्ञान माझ्या ओट्यावर होतं, आणि माझ्या वडिलांपर्यंत ते मी कधी नेलं नव्हतं. आत्या रायपुरात शिकली, तिनं रायपूरची तिथी लिहिली. बाबा वर्ध्यात वाढले, त्यांनी वर्ध्याची वाचली. कोणी खोटं बोललं नव्हतं.

मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. मंदिरात गाभाऱ्याचं दार अचानक उघडतं आणि आत दिवा आधीच लागलेला असतो, तसं झालं. एक खोटी गोष्ट खरी वाटावी म्हणून ठेवलेली ही सगळी सामग्री, रद्दीतली पंचांगं, टाइमटेबलं, कपड्यांची दोरी. आणि तिनं खरी गोष्ट शोधून काढली होती, जी खऱ्या माणसांना सापडली नव्हती.

मायाताईंचं मन मात्र पोस्टकार्डातच होतं. यंदा पाठीलाच, म्हणजे आधी कशाला लावत होती? मुलगा तर वर्ध्याला. त्यांनी तेवढं एका कार्डावर लिहून दोरीच्या टोकाला लावून ठेवलं.

आता आत्याला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. नाव काढलं की ती उठणार. मायाताई म्हणाल्या की गोष्टच वाचून दाखव, नावं बदल. पण गोष्टीतूनही तिला दहाव्या ओळीला कळलं असतं. मग मला सुचलं आणि सुचल्याची भीती वाटली. आमच्याकडे कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकतात, आणि कहाणी संपून अक्षता वाहिल्याशिवाय उठत नाहीत. आत्या कमरछठ करते. लग्न नाही, मूल नाही, तरी करते. पाऱ्यातल्या बायका मागे हसतात. मी समजत होते की आजीच्या आठवणीसाठी. तर पूजेच्या आसनावर बसलेल्या बाईला असं अडकवून ठेवणं पाप नाही का? दोन दिवस मी देवाला विचारलं. उत्तर आलं नाही. मग मी ठरवलं की आधी सांगून वाचायचं, फसवून नाही.

चातुर्मासाचं चाळिसावं पान झालं आणि कमरछठ आली. दुपारी आत्याच्या अंगणात बायकांनी सगरी खणली होती, हातभर लांबीचे दोन लहान खड्डे, त्यांत पाणी, काठाला काशी गवत आणि पळसाची फांदी रोवलेली. सहा-सात जणी होत्या. आत्यानं तिच्या वहीतून सहा कहाण्या वाचल्या. सहावी संपल्यावर मी म्हटलं की माझ्याजवळ एक सातवी आहे, माझी स्वतःची. शेजारची मीराबाई हसून म्हणाली, छठ में सात? आत्या म्हणाली, वाच, पसहर शिजायला वेळ आहेच.

"आत्या, भावाची आहे," मी म्हटलं. "मध्ये उठायचं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिनं ताटलीतून पुन्हा अक्षता उचलल्या आणि मूठ मिटली.

"अक्षता हातात असताना कधी उठली काय मी?"

माझा आवाज बारीक आहे, बायका पुढे सरकून बसल्या. गोष्टीतला भाऊ शालिग्राम, बहीण मंजिरी. शालिग्राम दारात उभा राहून ते वाक्य बोलला तेव्हा आत्याच्या मुठीची शीर उठून दिसली. मी थांबले नाही. मग रजेचा कागद आला. मग दोन पंचांगं, दोन तिथी. मीराबाईनं तोंडाला पदर लावला. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि मान वर करायचा मला धीर होईना.

आत्यानं मूठ उघडली. तांदूळ तळव्याला चिकटले होते, ते एकेक करून सगरीत सोडले, सगळे सुटेपर्यंत. मग तोच हात माझ्यापुढे केला.

"कार्ड."

मी दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. स्वतःचंच अक्षर होतं. "आईनं सांगितलं तसं लिहिलं," ती म्हणाली. मग, कार्ड उलटवून, "तारीख काहून नाही टाकली मी? रोज फळ्यावर तारीख टाकत होती पोट्ट्याईसाठी."

ती उठून आत गेली. मी मागे गेले. एका हातात छुहीची वाटी, एका हातात फडकं, ती त्या पत्र्याच्या पेटीपुढे उभी होती. पेटी बाबांची होती. ते नवव्या वर्षी वर्ध्याला गेले तेव्हा ही इथेच राहिली, आणि आजी मुलाची पाठ नाही म्हणून दर छठला या पेटीवर पोता लावू लागली. शेवटच्या वर्षी मात्र पाठच हवी म्हणाली. ती गेल्यावर पेटीला पोता लावायचं काम आत्यानं केलं. उपासही तिनंच धरला. झाकणावरचं कवच म्हणजे भिंतीची माती नव्हती. एकावर एक, दरसाल सहा.

"बोलत नव्हती मी त्याच्याशी," आत्या म्हणाली. "उपास थोडीच सोडणार होती."

मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. मी एवढे नेम करते, पण ज्याच्यावर राग आहे त्याच्या आयुष्यासाठी मी एक दिवस तरी उपाशी राहिले आहे का?

तिनं पेटीला पोता लावला नाही. फडकं वाटीत ठेवलं, वाटीवर दुसरी वाटी पालथी घातली आणि मला ऑटो बोलवायला सांगितलं.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. फाटकातून आत्याला येताना पाहून उभे राहिले, पेपर खाली पडला, तो उचलायला वाकले आणि न उचलताच पुन्हा उभे राहिले. आत्या पायऱ्या चढायला वेळ लावत होती, गुडघ्यांमुळे. ती वर आल्यावर बाबांना काय बोलावं ते सुचलं नाही. म्हणून ते तेच बोलले.

"लते, मी तर तारखेच्या आधीच आलो होतो."

"हव," आत्या म्हणाली. "आला होतास."

मग म्हणाली, पाठ कर. बाबा वळले. तिनं फडकं पिळलं आणि थोपटायला सुरुवात केली, एकेक मोजून, वर्गात मुलांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं. पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे ठसे उठत गेले. सहाव्या वेळी तिनं हात उचलला नाही. फडक्याचं पाणी बाबांच्या पाठीवरून खाली ओघळत होतं आणि दोघंही तसेच उभे होते, एकमेकांचं तोंड न पाहता. सुशील आतून आले, पाहिलं आणि खुणेनंच मला विचारलं, चहा ठेवू का?

दुसऱ्या दिवशी मी मायाताईंना सगळं सांगितलं. पेटीचं ऐकून त्यांनी दोरीच्या टोकाचं ते कार्ड काढलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग म्हणाल्या की हे गोष्टीत घेऊ नको, कोणी विश्वास ठेवणार नाही, दोन चिठ्ठ्यांपाशी संपव. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी तशीच दिली. पण निघताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. त्यांचं एक विचारायचं राहिलं होतं.

"पोता लावताना तुह्या बाबाच्या खिशात काय होतं?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन विचारलं. बाबांनी दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. पाठीवरचे ठसे त्यांनी धुऊ दिले नव्हते. मग अंगातल्या सदऱ्याच्या खिशात हात घालून रजेचा तो कागद काढला. मी विचारलं त्या सकाळपासून ते तो रोज खिशात घालून बसत होते.

"दाखवायचा राहूनच गेला," ते म्हणाले, आणि घडी न उघडता परत खिशात ठेवला.